आबांपर्यंत न पोचलेला निरोप

नागपंचमीला अक्काला श्रीगोंद्याहून माहेरी आणायला मीच जातो. मुराळी गेल्याशिवाय ती निघत नाही. एसटीनं ये म्हटलं, तर म्हणते, "मी काय टपाल हाय का?"

यंदा गाडीत तिला गोष्ट सांगत होतो. शाळेत इतिहास शिकवतो, गोष्टींना तोटा नाही. ही चीनमधल्या एका मांचू राणीची. पट्टराणी नव्हे, खालच्या पायरीवरची. मांचू लष्करी घराण्यांतल्या मुली वयात आल्या की आधी राजवाड्यात दाखवाव्या लागत. तिथून नकार आला तरच बापाला दुसरं स्थळ बघता येई. ही पसंत पडली.

"पोरीला इचारलं व्हतं का?"

"कोण विचारतंय!"

"आन् घरच्यांचं?"

"बापाला बढती. भाऊ दरबारात चिकटला."

"पंचमीला माहेरी यायची?"

"मनात आलं म्हणून नाही. दिवस गेले तर आईला वाड्यात येऊन राहायची मुभा मिळे, तेवढंच."

"मंजी मुराळी न्हाई. मग माझंच बरं की!" तिनं माझ्या खांद्यावर थाप मारली.

त्या थापेनं माझी गोष्ट तिथंच अडली. नगर मागं पडलं. करंजीच्या घाटात मी गाडी बाजूला घेतली.

"तुला बघायला पाहुणे येणार होते, त्या सकाळी तू मला मळ्यात धाडलं होतंस."

"व्हय. आबांना म्हनावं मला डी.एड. करायचंय, एवढ्यात लगीन नको. आबा न्हाई म्हनले, आसं तूच यिऊन सांगितलंस."

"आबा काहीच म्हणाले नाहीत. मी सांगितलंच नव्हतं."

मी तेव्हा दहावी झालेलो. आमचे वडील, आबा, पिकाला पाणी देत होते. बांधावर उभा राहून मी एवढंच म्हणालो, "चहा झालाय, चला." पाहुण्यांची नगरात खोली होती. सोयरीक जमली की माझ्या कॉलेजची सोय होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. झालीही. तिच्या दिरांबरोबर राहून, तिच्या सासरचा डबा खाऊन मी मास्तर झालो.

अक्कानं दरीकडं तोंड फिरवलं.

"तीस वरसं मी त्या म्हाताऱ्याशी धड बोलले न्हाई," ती म्हणाली.

खरंच होतं. दर पंचमीला ती आबांना ताट वाढायची आणि आईजवळ चुलीपाशी जाऊन बसायची. आबांनी कधी कारण विचारलं नाही.

मी गाडी तिसगावला, आमच्या घरी आणली. दारात उतरल्यावर अक्का म्हणाली, "आधी तू जा. माझा तवाचा निरोप दे."

ऐंशी पार केलेले आबा ओसरीवर बसले होते. कानाशी वाकून मी सगळं सांगितलं. इतकं मोठ्यानं, की शेजारच्यांनाही कळलं असेल. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"शिकवली असती का न्हाई, आता काय सांगू? पर तुला म्होरं बसवून इचारलं असतं, पोरी."

अक्का त्यांच्या शेजारी ओसरीवर टेकली. पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "उभा काय राहिलास? चहा आन. दोनच कप."

मी आत गेलो. माझा कप तिनं वगळला, ते बरोबरच होतं. पण परवा सासरी निघताना पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "फुडल्या पंचमीला लवकर ये." तिचे उपकार कुठून मोजायला सुरुवात करावी, ते मला समजत नाही.