कुत्र्यांच्या हौदावर

ओले टॉवेल आणि किस्से, आमच्याकडे या दोन गोष्टी कधी संपत नाहीत. टॉवेल निदान मशीनला लावता येतात. किस्से नुसते साठत जातात. पूर्वी घरी गेल्यावर चहा ठेवता ठेवता मिस्टरांना सांगून टाकायचे, की दिवस मोकळा! ते गेल्यापासून सगळे तसेच डोक्यात पडून आहेत. म्हणून आज तुम्ही सापडलात. बसा!

गंगापूर रोडला एका बंगल्याच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली आमचा हौद आहे. डॉक्टर मृण्मयी त्याला 'हायड्रोथेरपी पूल' म्हणते. गल्लीतले लोक सरळ 'कुत्र्यांचा हौद' म्हणतात, आणि रिक्षावाल्यालाही तेच सांगावं लागतं. म्हातारी झालेली, गाडीखाली येऊन वाचलेली, कमरेतून गेलेली कुत्री इथे येतात. कोमट पाण्यात अंगाचं वजन जाणवत नाही, त्यामुळे जमिनीवर उचलत नसलेले पाय पाण्यात हलायला लागतात. कुत्र्याला तरंगायचं जॅकेट घालायचं, रॅम्पवरून पाण्यात न्यायचं, पोटाखाली हात धरायचा, आणि शेवटी पाण्याच्या फवाऱ्याने कंबर-मांड्या चोळून द्यायच्या, हे माझं काम. बोलणी, औषधं आणि रडणाऱ्या मालकांना पाणी देणं हे डॉक्टरचं.

माझा इंटरव्ह्यू पाच वाक्यांत झाला होता.

"पोहता येतं?"

"वीस वर्षं लहान मुलांना शिकवलंय."

"मुलं चावायची का?"

"एकदोन."

"मग उद्यापासून या!"

---

मराठे सर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे चॉकलेटी रंगाचा लॅब्रॅडॉर, नाव कॉफी. पहिल्या दिवशी सर आणि काकू दोघं त्याला घेऊन आले. आमच्या फॉर्मवर 'तक्रार' म्हणून एक रकाना आहे. सरांनी चष्मा लावून, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'बसलं की उठवत नाही. जिना चढताना कळ येते. पायाला मुंग्या येतात. हाक मारलेली ऐकू येते, पण लक्ष देत नाही.'

डॉक्टरने वाचलं आणि जरा बिचकत विचारलं, "सर, हे कॉफीचंच ना?"

सर काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "दोघांचंही तेच आहे! शेवटचं तर आधी ह्यांचं!"

आम्ही सगळे हसलो. सरसुद्धा हसले. मग डॉक्टरचं लक्ष वरच्या रकान्याकडे गेलं. मालकाचं नाव: इरा मराठे.

"इराताईंना सहीला बोलवाल का एकदा?"

"मुलगी आमची. मेलबर्नला असते," काकू म्हणाल्या. "सात वर्षं झाली."

"मग मालक म्हणून तुमचं नाव टाकू ना, सर?"

सरांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात अडकवलं. "नको. तो तिचाच आहे. ती येईपर्यंत आम्ही फक्त सांभाळतोय."

कॉफीला तेव्हा तेरावं वर्ष लागलं होतं.

---

डॉक्टर एकदा पेठ तालुक्यात गुरांच्या शिबिराला गेली आणि येताना एका आजींना आमंत्रण देऊन आली. आजींचा काळ्या नावाचा कुत्रा शेळ्यांमागे धावताना कड्यावरून घसरला होता, मागचा पाय ओढत चालायचा. दोन आठवड्यांनी आजी खरंच आल्या, भाच्याच्या जीपमध्ये, काळ्याला पोत्यावर झोपवून.

आजींनी आधी हौदात कोपरापर्यंत हात घातला. "अगं बया, पानी तर ऊन हाय!"

"हो आजी, ऊन पाण्याने सांधे मोकळे होतात."

"रोज वतून देता?"

"नाही, रोज नाही. गाळून घेतो मशीनने."

आजी हौदाच्या कडेकडेने चालत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "कितीक हंडं आसल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. हौद किती लिटरचा ते डॉक्टरला तोंडपाठ. हंड्यांमध्ये सांगायचं म्हटल्यावर तिने मनात आकडेमोड केली, आणि थर्मामीटर पाण्यात बुडवून बघायला लागली.

"आमच्याकडं वैशाखात इहिरीत उतरून वाटीनं भराया लागतं," आजी म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता हो. नुसतं सांगितलं, जसं आपण म्हणू की आमच्याकडे बुधवारी बाजार असतो.

मी काळ्याचं जॅकेट घेऊन तशीच उभी. डॉक्टर खाली बघत होती. आजींनी आमच्या दोघींकडे पाहिलं आणि डॉक्टरच्या पाठीत धपाटा घातला. "तोंड कशाला पाडती गं? पान्यानं कुनाचा तरी पाय बरा व्हतोय ना!"

मग लुगडं सावरून काठावर बसल्या, पाय पाण्यात सोडले, डोळे मिटले. आणि डोळे न उघडता काळ्याला म्हणाल्या, "पव रं, पव. समद्या गावाच्या वाटचं पवून घे!"

---

हा किस्सा छोटा आहे. एक पस्तिशीचा माणूस जर्मन शेफर्ड घेऊन आला, ऑपरेशन झालेला, हिरो नावाचा. माणूस माझ्याकडे सारखा निरखून बघतोय. मी हिरोला पाण्यात घेतलं, त्याने घाबरून माझ्या खांद्यावर पंजे टाकले. मी सवयीने म्हणाले, "घाबरू नको बाळा, मी सोडत नाही."

तो माणूस ओरडलाच, "मॅडम! तुम्हीच! तिसरीत असताना मलाही हेच म्हणालात, आणि सोडलंत!"

निनाद! नाकाला क्लिप लावून रडणारा निनाद! मला हसू आवरेना. म्हटलं, "अरे, पण पोहायला आलं ना त्यानंतर?"

"आलं. पण हिरोला सोडणार का, ते आधी सांगा."

"नाही रे. कुत्र्याशी खोटं बोलता येत नाही."

तेव्हा तो चेष्टा करत होता. निघताना मात्र थांबला. म्हणाला, "आई त्या वेळी जाळीपलीकडे उभी असायची, आठवते तुम्हाला? निळी छत्री घेऊन?"

मला आठवत नव्हती. वीस वर्षांत किती आया, किती छत्र्या. त्याच्या तोंडाकडे बघून कळलं, की हे विचारायला आता त्याला दुसरं कोणी उरलेलं नाही.

"आठवते ना," मी म्हणाले. "निळी छत्री."

माणसाशी बोलता येतं.

---

भास्करराव सातपूरच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं लेथवर होते. कारखान्याच्या गेटवर एक तांबडा कुत्रा, कामगारांनी नाव ठेवलेलं नट्या. भास्करराव रोज डब्यातली एक पोळी त्याला काढून ठेवायचे. पुढे ते रिटायर झाले. निरोपाचा हार, घड्याळ, भाषणं, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सवयीने सकाळी गेटवर गेले, तर नवा वॉचमन म्हणाला, "काका, कोणाला भेटायचंय? पास आणलाय का?"

"कोणाला भेटायचंय ते मला सांगताच येईना," भास्करराव मला सांगत होते. "कुत्र्याला भेटायचंय, असं कसं म्हणणार? परत आलो घरी."

त्यानंतर ते तिकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, की नट्याला मोटारसायकलने उडवलं. जनावरांच्या दवाखान्यात प्लास्टर झालं, पण मागचे पाय उचलत नाही. पोहण्याचा उपाय सांगितलाय, आणि न्यायला कोणाला वेळ नाही. "मला आहे!" हे म्हणत असतानाच भास्करराव चपला घालत होते.

दर शनिवारी ते रिक्षातून नट्याला घेऊन यायचे. गेटवरून उचलायचा, दोन तास आमच्याकडे, मग परत गेटवर सोडायचा. नट्याला उचलायच्या निमित्ताने गेटवर दहा मिनिटं जुनी मंडळी भेटायची. ते सगळं पाण्याच्या काठावर बसून मला ऐकायला मिळायचं: कोणाच्या मुलीचं ठरलं, कुठलं मशीन भंगारात गेलं, कॅन्टीनचा चहा अजून कसा पांचट आहे. येताना इस्त्रीचा शर्ट घालायचे. कुत्रं अंग झटकणार हे माहीत असून!

नट्या गडी काटक. सहाव्या शनिवारी त्याने पाण्यात मागचा पाय मारला. आठव्या शनिवारी रॅम्पवरून आपला आपण चढला. मी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली, "भास्करराव, अभिनंदन! अजून दोन वेळा आणा, मग यायची गरज नाही!"

भास्करराव नट्याचे कान पुसत होते. पुसत राहिले. बरेच पुसले. मग डॉक्टरकडे न बघता म्हणाले,

"डॉक्टर, जरा हळू बरं करता येईल का?"

---

आता हा शेवटचा. हा मी कोणाला फारसा सांगत नाही.

रेखाताई आणि त्यांचे यजमान, मखमलाबादकडचे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. दोघंच राबतात, मूलबाळ नाही. सहा वर्षांपूर्वी फूलबाजारात त्यांच्या टेम्पोखाली एक कुत्रा बसलेला सापडला, गळ्यात दोरीचा तुटका तुकडा. रेखाताईंनी आठ दिवस बाजारात सगळ्यांना विचारलं, कोणाचा आहे म्हणून. कोणी आलं नाही. मग घरी नेला, राजा नाव ठेवलं. हे त्या दर वेळी सांगायच्या, आणि आठ दिवस विचारलं होतं यावर जरा जास्तच जोर द्यायच्या.

राजाची कंबर वयामुळे गेली होती. पाण्यात घातला की जॅकेटला नुसता लोंबकळायचा. पाय हलवायचं नाव नाही, चार महिने झाले तरी! रेखाताई काठावरून हाका मारून दमायच्या. मी फवाऱ्याने मसाज करायची तेवढा वेळ तो डोळे मिटून घ्यायचा, बस्स.

त्या दिवशी आमची मोटर आवाज करत होती म्हणून दुरुस्तीला एक मेकॅनिक आला होता. नेहमीचा नाही, त्याच्या बदली आलेला. चाळिशीचा, उंच, अबोल. आमच्याकडे पाठ करून तो मोटर उघडून बसला. मी राजाला धरून पाण्यात. मेकॅनिकला फोन आला. "हां, बोल. नाही, अर्धा तास लागेल," एवढंच बोलला.

माझ्या हाताखाली राजाचं पोट ताठ झालं.

मेकॅनिकने फोन ठेवला, पाना शोधायला वळला, आणि त्याची नजर पाण्याकडे गेली. हातातलं सगळं तसंच राहिलं. अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं तो म्हणाला, "टायगर?"

राजा माझ्या हातातून सुटला. अहो, सुटला म्हणजे काय, चारही पाय मारत, पाणी उडवत, तोंड वर करून सरळ निघाला! मी मागे हात पसरून, पण धरायची गरजच नव्हती. रॅम्पवर धडपडला, उठला, परत धडपडला, आणि त्या माणसाच्या बुटांवर जाऊन त्याने डोकं टेकवलं.

तो माणूस खाली बसला. त्याचा हात राजाच्या डाव्या कानामागे गेला. तिथे केसांखाली एक जुना व्रण आहे, वरून दिसत नाही. मला जॅकेट घालताना लागायचा म्हणून माहीत. त्याचा हात न शोधता तिथे गेला.

रेखाताई टॉवेल छातीशी धरून उभ्या होत्या. ओठ पांढरे पडलेले. "मी आठ दिवस विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना विचारलं होतं हो, भाऊ."

त्याने राजाचं भिजलेलं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग विचारलं, "खातो काय?"

"दूध-भाकरी. सणाला पुरणपोळी."

"झोपतो कुठं?"

"माझ्या खाटेखाली. थंडीत वर घेते."

"कंबर फार दुखते का?"

"जिन्यावर दुखते. मग हे उचलून घेतात."

त्याने मान डोलावली. उठला. हात पँटला पुसले, मोटरचं झाकण बसवलं, चारही स्क्रू नीट आवळले, बटण दाबून बघितलं. पिशवी खांद्याला लावली. राजा त्याच्यामागे दोन पावलं गेला, तेव्हा त्यानेच त्याला वळवून रेखाताईंच्या पायाशी आणून बसवलं.

"तुमचाच आहे ताई," तो म्हणाला. "आमच्या टायगरला पोहता येत नव्हतं."