कीबोर्डावर तुरीचे दाणे

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. दीपचंदजींचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी ते जन्मभर ताक फुंकूनच पीत आले. जळगावच्या एमआयडीसीत त्यांची डाळमिल. कुलूप लावलं की ओढून बघायचं, फाटकापर्यंत गेलं की मागे फिरून पुन्हा ओढायचं. घरी प्रेमकुंवरबाईंनी भाजीत मीठ घातलंय म्हटलं, तरी हे बोटावर घेऊन खात्री करणार. आपण संशयी नाही, सावध आहोत, असं ते सांगत. त्या सावधपणाचा त्यांना अभिमानही होता.

अशा माणसाजवळ कुंदन इतकी वर्षं टिकला, याचंच लोकांना नवल वाटे. कुंदन मूळचा धुळ्याकडचा, मिलचा मॅनेजर. गाडी भरून घ्यायची, पोत्यांची शिवण तपासायची, हमालांची भांडणं मिटवायची, सगळं तोच बघे आणि शेठला विचारायला कधी येत नसे. जगात एकाच माणसाचं काम मागे फिरून तपासणं दीपचंदजींनी सोडून दिलं होतं, तो हा. केबिनची दुसरी किल्ली त्याच्याच कमरेला असायची.

दीपचंदजींचा पुतण्या तरुण धुळ्यात कॉम्प्युटरची कामं करतो. त्यानं मिलसाठी एक वेब ॲप बनवून दिलं. माल बाहेर सोडायची चिठ्ठी आता त्यावर, शेठच्या नावानं निघू लागली. पण ॲप दर पाव तासानं त्यांना बाहेर काढी आणि पासवर्ड मागे. अर्धी भरलेली चिठ्ठी पुसली जाई, फाटकावर ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसत. दीपचंदजींनी पुतण्याला झाडलं. तरुणनं दुरुस्ती केली आणि आता पुन्हापुन्हा पासवर्ड मागणार नाही, असं फोनवर सांगितलं. पुढचंही तो सांगणार होता, पण काकांनी फोन ठेवून दिला होता.

चातुर्मास सुरू होता. दुपारी एक सामायिक, म्हणजे जैन रिवाजाचं ध्यान, करायचं असा दीपचंदजींचा नेम. केबिनला कुलूप लावून ते मागच्या खोलीत जात, आसन घालत, तोंडावर मुहपत्तीचं फडकं बांधत, वाळूचं घड्याळ उलटं करत आणि दोन घटका जगाकडे पाठ फिरवत. त्या वेळात मोबाइलला हात नाही, दिव्याच्या बटणालाही नाही. दुरुस्तीनंतर पहिल्याच दुपारी ते सामायिक आटोपून केबिनमध्ये आले, तर पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी ओळ होती: दीपचंद, प्रवेश नुकताच ताजा केला.

मी सामायिकात होतो, मी विजेच्या वस्तूला शिवलो नाही, मग माझ्या नावानं आत कोण गेलं? विचाराचा हा हिशोब त्यांना कुठे चुकलेला दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच.

मग त्यांनी डाळवाल्याला शोभेल असा सापळा लावला. मूठभर तूर घेतली आणि कीबोर्डाच्या बटणांवर एकेक दाणा मांडून ठेवला. कुणी बोट लावलं की दाणा हलणार. त्या दुपारी तोंडानं नवकार मंत्र चालला होता आणि मन तुरीत होतं. उठून पाहतात तर दाणे इकडेतिकडे झालेले, काही टेबलाखाली पडलेले. भिंतीपलीकडे मिलचे रोलर फिरतात आणि त्यांच्यापायी टेबलावरच्या पेल्यातलं पाणी दिवसभर थरथरतं, हे ते तरुणपणापासून बघत होते. पण मनात चोर ठरला की डोळे त्याच्याच पाऊलखुणा शोधतात.

त्यांनी कुंदनला बोलावलं आणि किल्ली मागितली.

"मी सामायिकाला बसलो की माझ्या नावावर कोण बसतं, कुंदन?"

कुंदनला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. शेठसमोर तो नेहमी शहरी मराठी बोलायचा, ते विसरून तो अहिराणीत बोलून गेला. "मी काहीच करं नही, शेठ. तुमले मन्हावर भरोसा नही का?"

दीपचंदजींनी किल्लीसाठी हात पुढेच ठेवला. कुंदननं कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली, नमस्कार केला आणि तो मेहरूणला आपल्या घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही किल्ल्या दीपचंदजींच्या खिशात होत्या. सामायिक झालं, कुलूप उघडलं, तर ओळ हिरवीगार आणि दाणे खाली. आता संशय घ्यायला झाडूवाली तानुबाई तेवढी उरली होती, आणि ती तर चार दिवस मुक्ताईनगरला लेकीकडे गेली होती. दीपचंदजींनी पुन्हा दाणे मांडले आणि खुर्ची ओढून समोरच बसले. तेवढ्यात लाइट गेली. रोलर थांबले, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला. दाणे जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळानं, दीपचंदजींचे हात मांडीवर असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत हिरवी ओळ आपोआप ताजी झाली. पुढे लाइट आली, रोलर घरघरले आणि एक दाणा सरकत सरकत त्यांच्या मांडीवर येऊन पडला.

त्यांनी तरुणला फोन लावला आणि या खेपेला शेवटपर्यंत ऐकलं.

"काकासा, आत राहायचा पास अजूनही पाव तासाचाच आहे, तो संपतोच," तरुण म्हणाला. "पण तुमच्या कॉम्प्युटरजवळ एक लांब मुदतीचा पास ठेवलाय. पडदा सारखा सर्व्हरला मालाचा साठा विचारत असतो. पहिला पास संपला म्हणून सर्व्हरनं नकार दिला, की ॲप दुसरा दाखवून नवा पास घेतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं. कुणी हात लावायला लागत नाही. रोजच्या माणसाला फाटकावर दर वेळी नाव विचारत नाहीत, तसं."

"आणि तो लांबचा पास काढून घेतला तर?"

"मग दर वेळी पहिल्यापासून विचारणं आलं."

दीपचंदजींना स्वतःची लाज वाटली. संवत्सरीला, जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, ते साऱ्या बाजाराला मोबाइलवरून एका दमात मिच्छामि दुक्कडम् पाठवत. संवत्सरी अजून लांब होती. ते तसेच मेहरूणला गेले आणि कुंदनच्या दारात हात जोडून तेच शब्द तोंडानं म्हणाले. कुंदननं घाईनं त्यांचे हात खाली केले. त्याच्या बायकोनं, दिपमालानं, चहा ठेवला. रागावल्याचं कुणीच दाखवलं नाही.

सकाळी कुंदन कामावर आला. शेठनं दिलेली किल्ली त्यानं घेतली आणि केबिनमधल्या खिळ्याला अडकवली. पहिली गाडी भरून झाली, तेव्हा तो केबिनच्या दारात येऊन उभा राहिला.

"शेठ, गाडी सोडू का?"

"सोड की. विचारतोस काय?"

कुंदननं मान हलवली आणि गाडी सोडली. थोड्या वेळानं दुसरी गाडी भरली. दीपचंदजी दाराकडे न बघता कान देऊन बसले होते.

"शेठ, सोडू का?"

"कुंदन, तू विचारत नको जाऊस रे," ते म्हणाले.

"हाव, शेठ," कुंदन म्हणाला.

तिसरी गाडी भरून झाली, आणि तो पुन्हा दारात येऊन उभा राहिला.