गोठ्यातला शाफ्ट

ही गोष्ट मी बायकोलाही धड सांगितलेली नाही. लाज वाटते, दुसरं काय!

रिसोडला वर्षानुवर्षं सवाऱ्या वाहून थकलेली एक जीप मी भंगाराच्या भावात आणली. मूळची फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. पण डिझेल वाचावं म्हणून आधीच्या मालकानं पुढच्या चाकांना जोर पोचवणारा शाफ्ट काढून मागच्या सीटखाली टाकला होता. मिस्त्री म्हणाला, "शाफ्ट बसवून देतो, पण जॉइंट नवे लागतीन. ते अगुदर करा, रंगरंगोटी मंग." शहाणा माणूस. मी कुठला ऐकायला! पैसे मोजकेच होते, ते मी मोठे टायर, हिरवा रंग, टपावरचे चार लाइट आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा हॉर्नवर उडवले. शाफ्ट गोठ्यात गेला, कुटाराच्या पोत्यांमागं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

गिअरच्या बाजूचा छोटा दांडा मात्र जागेवर होता. फोर व्हील लावायचा तो. त्याला मी नवी काळी मूठ बसवली. कोणी गाडीत बसलं की ओढून दाखवायचो आणि "हे लावलं नं, का गाडी भिंतीवर चढते" असं ठोकून द्यायचो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. गाडीखाली वाकून कोण बघतंय!

आमची दोन घरं वावरात, शेजारच्या दादांचं आणि माझं. डांबरी रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर पांदण, सगळी काळी माती. दादांच्या पोरीची नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा वाशीमला होती. नऊला गेट बंद. आदल्या दिवशी दुपारी अवकाळी कोसळला, तेव्हा दादा गावात ट्रॅक्टर सांगायला निघाले. मी त्यांना बांधावरच अडवलं.

"ट्रॅक्टर कायले सांगता दादा? मी मेलो काय? दारात फोर व्हील उभी हाय नं!"

"पोरीच्या वर्षाचा सवाल हाय भाऊ. निघन नं नक्की?"

"तुमी बिनघोर राहा," मी म्हणालो. तेव्हा खरं सांगता आलं असतं. दादा परत फिरले.

सकाळी नाल्याच्या चढावर गाडी रुतली. मागची चाकं गरगर फिरत होती, पुढची ढिम्म. दादा मागं बसलेले, पोरगी माझ्या बाजूला, फाईल छातीशी धरून. ती म्हणाली, "काका, तो दांडा ओढा नं." मी ओढला. पुन्हा ओढला. दात-ओठ खाऊन तिसऱ्यांदा ओढला. मला माहीत होतं, त्याच्या पुढं काहीच जोडलेलं नाही. तरी ओढत होतो, ती बघत होती म्हणून.

दादा चिखल तुडवत गावात पळाले. ट्रॅक्टर आला, गाडी निघाली. वाशीमपर्यंत मी हॉर्नवरचा हात काढला नाही. पोचलो तेव्हा गेट बंद होऊन वीस मिनिटं झाली होती. पोरगी गेटचे गज धरून आतल्या माणसाला विनवत राहिली. तो तरी काय करणार बापा! मी स्टिअरिंग धरून बसलो. खाली उतरायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी दादांच्या ओट्यावर गावातले चारजण जमले. एक म्हणाला, "या डबड्याच्या भरवशावर राह्यले काहून तुमी?" दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी बोलणार होतो, शपथेनं सांगतो. तेवढ्यात पोरगी चहा घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले.

"काकाले काही म्हणू नका," ती म्हणाली. "मी बाजूलेच होती. त्याईनं तीनदा दांडा ओढला."

दादांनी मान हलवली. मी कप घेतला आणि चहा प्यायला लागलो.

पोळ्याच्या आधी मी शाफ्ट बसवून घेतला. यंदा पोरगी तीच परीक्षा द्यायला पुन्हा माझ्याच गाडीत बसली. अवकाळी यंदाही झालाच होता, पांदणीत चिखल होताच. नाल्याच्या त्याच चढावर मी दांडा ओढला, पुढची चाकं फिरली आणि गाडी सरळ वर आली.

ती हसली. त्या काळ्या मुठीवर हात ठेवून म्हणाली, "पाहा काका, गेल्या सालीच नेमका दगा देल्ला यानं."

"हो नं," मी म्हणालो.