पिवळ्या रंगातली गिरणी

मास्टर प्लॅन हा नुसता नकाशा नसतो, कायदा असतो, हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आता आठवलं तरी माझीच मला कीव येते. पिवळं म्हणजे राहती घरं, निळं म्हणजे दुकानं, हिरवं म्हणजे बाग नाहीतर तळ्याकाठची मोकळी जागा. पिवळ्यात गिरणी चालवायची नाही आणि हिरव्यात वीटसुद्धा ठेवायची नाही. हे सगळं मी शाळामास्तरासारखं बोट नाचवत सांगायचो. आणि देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे जाताना बसच्या खिडकीतून बघावं, तर हिरव्यावर काचेची हॉटेलं उभी! कायदा म्हणे. डोंबलाचा कायदा!

प्लॅन करण्याआधी गल्लीगल्लीतून पाहणी होते. कुठल्या इमारतीत आज काय चाललंय ते फॉर्मवर लिहायचं. घर, दुकान, कारखाना, जे असेल ते. ती नोंद महत्त्वाची, कारण प्लॅनच्या आधीपासून चालू असलेला धंदा प्लॅन बंद पाडत नाही. हे काम कंत्राटदाराकडून माझ्यासारख्या सर्वेअरांकडे यायचं. येलहंका हे उपनगर माझ्या वाट्याला आलं, आणि त्यात अक्काची गल्लीही आली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यावर तिनं घराच्या पुढच्या खोलीत गिरणी टाकली होती. ज्वारी, नाचणी, उन्हाळ्यात लाल मिरची. त्या एका मोटरवर तिनं दोन मुली शिकवल्या, लग्नं लावली, कुणापुढे हात पसरला नाही. मी फॉर्म घेऊन गेलो तेव्हा भर दुपार होती, शटर अर्धं ओढलेलं, अक्का आत झोपलेली. मी तिला उठवलंसुद्धा नाही. बाहेर उभ्या उभ्या लिहिलं: घर.

का? तर लोक म्हणतील, सर्वेअरनं बहिणीच्या जागेचं भलं करून घेतलं. अरे, कोण म्हणणार होतं? गिरणी तिथं होती, गिरणी लिहायची, विषय संपला! पण सरकारी कागदावर घरच्या माणसाचं बरं दिसेल असं काही लिहायचं नाही, ही आमच्या घरातली जुनी रीत. खरं असलं तरी नाही! आजोबांनी तेच केलं, वडिलांनी तेच केलं, नाकानं कांदे सोलण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. कोपऱ्यावरच्या पेंटवाल्याला मी ओळखतही नव्हतो. त्याचं दुकान मी व्यवस्थित ‘दुकान’ लिहिलं. अक्काला यातलं काही कळलं नाही. पाहणी कोणी केली हेही नाही.

प्लॅन आला, गल्ली पिवळी झाली. मग मागच्या बाजूला अपार्टमेंट उठलं. त्याचा सेक्रेटरी पुण्याचा. अक्का मराठी बोलते हे कळल्यावर केवढा खूश झाला! ‘आंटी, तुमचा आटा एकदम ऑथेंटिक,’ म्हणत दर रविवारी ज्वारी दळून न्यायचा. आणि त्याच हातानं त्यानं तक्रार टाइप केली: निवासी विभागात गिरणी, आवाज, मिरचीचा ठसका. निर्लज्ज मेला! अक्काला नोटीस आली. गिरणी बंद करा, नाहीतर सुनावणीला येऊन म्हणणं मांडा.

मी तिच्याबरोबर गेलो. आमच्या आधी एक हॉटेलवाला साहेबांसमोर बसला होता, हिरव्या जागेची फाइल घेऊन. साहेब त्याला गोड आवाजात कन्नडमधून म्हणाले, ‘प्लॅन म्हणजे काय सार, मार्गदर्शन. बदल करता येतो, अर्ज द्या.’ तो उठला, अक्का बसली. साहेब म्हणाले, ‘प्लॅन म्हणजे कायदा अम्मा, मी काय करू?’ मधे पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती. मला वाटलं टेबलच उलटं करावं.

पण अक्का चिवट. ‘सार, प्लॅनच्या आधीपासून गिरणी आहे माझी.’

‘मग चालेल की,’ साहेब म्हणाले आणि त्यांनी पाहणीची नोंद काढून स्क्रीन आमच्याकडे वळवली. ‘इथं तर घर लिहिलंय.’

‘चुकीचं लिहिलंय. ज्यानं लिहिलं त्याला विचारा.’

‘त्यानं येऊन लेखी दिलं, माझी चूक झाली म्हणून, तर गिरणी वाचेल अम्मा. पण नोंदीवर नुसता नंबर आहे. एवढ्या वर्षांनी तो माणूस कुठे सापडायचा?’

तो माणूस तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. एक अर्ज, एक सही, बास. पण खोटी नोंद केली असं माझ्या हातानं लिहून द्यायचं? सगळा जन्म ‘सरळ माणूस’ म्हणवून घेतलेला मी! मी मान हलवून म्हणालो, ‘सरी सार,’ म्हणजे बरोबर आहे साहेब. थू माझ्या जिंदगीवर.

परत येताना रिक्षात अक्कानं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, ‘तू होतास म्हणून धीर होता रे. एकटीनं काय बोलले असते मी?’

गिरणी भंगारात गेली. मुलींकडे जाऊन राहणं तिला मान्य नाही. आता ती सकाळी त्याच अपार्टमेंटमध्ये दोन घरी स्वयंपाकाला जाते, गुडघे धरून जिने चढते, कारण कामवाल्यांना लिफ्ट नाही.

सांगेन, सांगेन म्हणत अजून तिला सांगितलेलं नाही. इथं सगळं लिहिलंय, पण मराठीत. अक्का जन्मभर घरात मराठी बोलत आली, मात्र तिची शाळा कन्नड. तिला फक्त कन्नड वाचता येतं. आणि मला कन्नडही चांगलं लिहिता येतं.