माळावरचं कोडं

बेंबळीच्या शिवारात माळाच्या उंचवट्यावर दगडांचं एक कोडं होतं. एकात एक अशा सात फेऱ्या, मधून जेमतेम पाऊल मावेल एवढी वाट. कुणी म्हणायचं तेर गावच्या जुन्या व्यापाऱ्यांनी मांडलंय, कुणी म्हणायचं अभिमन्यूचा चक्रव्यूह. धुरपदाबाई सुईण. तिला एवढंच ठाऊक, की बाई अडली तर सुइणीनं त्या वाटेनं आत जायचं, मधल्या दगडावर पाणी घालायचं अन् त्याच वाटेनं बाहेर यायचं. मग लेकराला वाट सापडते. दगड ओलांडला तर वाट बंद. तीस वर्षांत तिनं तो कधी ओलांडला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात माळाखाली रस्त्याचं काम निघालं. तिथं भर दुपारी खडी फोडता फोडता तिची सून महादेवी अडली. शेजारणीनं, केशरबाईनं, लुगड्याचा आडोसा धरला. धुरपदाबाईनं पोट चाचपलं. लेकरू पायाळू होतं.

"आत्या, मला सोडून जाऊ नगा!"

"आलेच गं, कोडं फिरून," म्हणत ती तांब्या घेऊन माळावर पळाली.

तिसऱ्या फेरीला वाटच संपली. पलीकडच्या उताराचे सगळे दगड खडीसाठी उचलून नेले होते. पुढं नुसती तापलेली जमीन. आत कसं जायचं, कळेना.

"माय, पाय दिसाय लागले!" खालून केशरबाई ओरडली.

वाटेनं परतायचं तर पुन्हा तीन फेरे. दगडांवरून सरळ खाली गेलं तर चार पावलं. धुरपदाबाईनं डोळे मिटले, लुगडं वर खोचलं अन् दगड ओलांडले. एक, दोन, तीन. लेकराचं दार आपणच लावतोय, असं तिला वाटलं.

खाली आली तेव्हा लेकरू कमरेपर्यंत बाहेर होतं. तिनं ओढलं नाही, नुसता आधार दिला. "आता कळ दे, पोरी!" खांदे आले, डोकं आलं. पोर निळी पडली होती. पाठ चोळली, तोंडात बोट घालून चिकटा काढला, तेव्हा कुठं ती रडली.

"कोडं पावलं, माय!" केशरबाई म्हणाली. धुरपदाबाई खाली मान घालून पोरीला पदरात गुंडाळत होती.

बारशादिवशी तिनं सुनेजवळ तोंड उघडलं. "म्या दगड वलांडले गं."

"म्हणून तर येळंला आलाव, आत्या."

पुढं कुठल्याही अडलेल्या बाईला सोडून ती हलली नाही. दगड ओलांडल्याची भीती मात्र मनातून गेली नाही. नातीला साधा ताप आला, तरी ती उंबऱ्यात बसायची अन् कुणालाच तो ओलांडू द्यायची नाही.