अंघोळीला गेला होता ना?

आमच्या नाटक कंपनीत तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे कुजबुजबाई. मांडीवर वही, हातात छोटी विजेरी, एवढ्या बळावर विंगेतल्या स्टुलावर बसून तिने तीस वर्षं आम्हा विसराळू नटांची अब्रू राखली. माझ्या वाट्याला आलेल्या टाळ्यांतल्या निम्म्या खरं तर तिच्या, हे मी तिला कितीदा सांगितलं. ती म्हणायची, "निम्म्या नकोत, दादा. पाठांतर करून या, तेवढं पुरे."

प्रॉम्प्टरचं काम वाचण्याचं, असं लोकांना वाटतं. ते ऐकण्याचं काम आहे. बोलता बोलता नट थांबला, तर तो मुद्दाम थांबलाय की अडकलाय, हे क्षणात ओळखायचं. ताईला ते माझ्या पाठीवरूनही कळे. माझे खांदे जरासे वर गेले की विंगेतून पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द यायचे, फक्त माझ्या कानापुरते. पहिल्या रांगेलासुद्धा पत्ता लागत नसे. पण तीस वर्षांत तिला एक खोड जडली. कुणी गप्प झालं की तिला सोसवायचंच नाही. तिचे यजमान होते तेव्हा म्हणायचे, "हिच्यासमोर शिंकायची सोय नाही. शिंक अडकली, तर पुढची हीच देईल."

मग साथ आली आणि थिएटरला कुलूप लागलं. आम्ही नट मंडळी आरशासमोर बसून जुने संवाद घोकत राहिलो. ताईला मात्र काम मिळालं. आवाज स्पष्ट, बोलणं मऊ, म्हणून पालिकेने तिला फोनवर बसवलं.

एका शाळेचा रिकामा वर्ग होता. फळ्यावर कुणा मास्तरांनी अर्धवट सोडलेलं गणित तसंच होतं. लांब लांब मांडलेली टेबलं, प्रत्येकावर एक फोन आणि एक यादी. ज्यांच्या घरात आजारी माणूस निघालं होतं, त्यांची ही यादी. चौदा दिवस दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. रोज त्यांच्या घरच्या फोनवर फोन करायचा. उचलला नाही, तर दहा मिनिटांनी पुन्हा, मग आणखी एकदा. उशिरा उचलला तर कुठे होता ते विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं. उत्तर पटलं नाही, तर नावापुढे फुली. फुली पडली की गाडी यायची आणि त्या माणसाला उरलेले दिवस केंद्रात नेऊन ठेवायची.

तिथल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आपण पोलीस नाही. पण आपल्या फुलीवर पोलीस जातात, एवढं ध्यानात ठेवा."

फोनवर तऱ्हेतऱ्हेची माणसं. एक गृहस्थ म्हणाले, "घरातच आहे हो. बायकोसमोर बसलोय. तिलाच विचारा, तीही कंटाळलीये."

दुसरे भडकले. "माझ्या घरात मी आहे की नाही, हे विचारणाऱ्या तुम्ही कोण? मी काय कैदी आहे?"

"तुमच्या वरच्या मजल्यावर बाळंतीण आहे," ताई म्हणाली, "तिच्या वतीने विचारतेय, असं समजा."

तिकडून फोन आपटला गेला. पण तो माणूस घरी होता, म्हणून ताईने बरोबरची खूण केली.

या यादीत एक घड्याळजी होता. बायको दवाखान्यात, हा घरात एकटा. पहिले दोन दिवस त्याने लगेच फोन उचलला. तिसऱ्या दिवशी दोनदा घंटी वाजून वाजून थांबली. तिसऱ्यांदा त्याने उचलला तेव्हा त्याला धाप लागली होती. मागे पुष्कळ घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती, प्रत्येकाची चाल वेगळी.

"घरीच आहात ना?"

"हो."

"मघाशी दोनदा केला होता फोन."

तो काही बोलेना. धाप, टिकटिक, पुन्हा धाप. ताईसमोर वही नव्हती की विंग नव्हती. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "अंघोळीला गेला होता ना?"

"हो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "अंघोळच चालली होती."

चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशीही. सहाव्या दिवशी तर ताईने नुसतं "अंघोळ?" एवढंच विचारलं आणि तो "अंघोळ" म्हणाला. ताई रोज बरोबरची खूण करत राहिली.

"मला कळत होतं, दादा," तिने मला नंतर सांगितलं. "अंघोळ करून कुणाला धाप लागते का? जिना चढल्याची धाप होती ती. एकदा तर पायातली चप्पल भिरकावल्याचा आवाज आला."

"मग फुली का नाही टाकलीस?"

"वाक्य मीच दिलं होतं ना."

अकराव्या दिवशी त्याने पहिल्याच घंटीला फोन उचलला. ताईने काही विचारायच्या आत म्हणाला, "ताई, आज काय सांगू?"

फोनवरच्या सगळ्याच बायकांना लोक ताई म्हणत. पण तिला क्षणभर वाटलं, हा आपल्याला ओळखतो.

"माझे वडील दोन गल्ल्या पलीकडे राहतात. एकटेच. त्यांना अंथरुणातून उठता येत नाही. रोज मी जात होतो. आज त्यांना ताप आलाय." मग तो थांबला आणि पुन्हा तेच म्हणाला, "आज काय सांगू मी?"

तीस वर्षांत पहिल्यांदा ताईकडे पुढचं वाक्य नव्हतं.

तिने साहेबांना सांगून म्हाताऱ्या वडिलांसाठी दवाखान्याची गाडी पाठवली. म्हातारे त्यानंतर पाचव्या दिवशी गेले. त्यांच्या जिन्यावरची आणखी दोघं आजारी पडली. ती वाचली. घड्याळजी घरातच राहिला. गाडी गेली त्या दिवशी त्याचे चौदा दिवस पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते, आणि ते तिन्ही दिवस त्याला फोन करायचं काम ताईचंच होतं.

"घरीच आहात ना?"

"हो."

"बरं."

आता त्याला धाप लागत नव्हती.

महिन्याच्या शेवटी साहेबांनी तिची यादी पाहिली. "एकही फुली नाही, ताई. शाबास."

"एक हवी होती," ती म्हणाली आणि काय घडलं ते सगळं तिने सांगून टाकलं.

साहेब मास्क खाली ओढून पाणी प्यायले. "फुली टाकली असती, तर म्हातारे अंथरुणात पडून राहिले असते. नाही टाकली, तर हे असं झालं. मला विचाराल तर मलाही माहीत नाही." मग मास्क वर घेऊन म्हणाले, "पुढची यादी घ्या."

ताईने पुढची यादी घेतली.

थिएटर उघडलं तेव्हा एक खुर्ची सोडून एक प्रेक्षक बसला होता. समोर दात पडलेला जबडा असावा तशी ती गर्दी. दुसऱ्या अंकात माझं वाक्य गेलं. गेलं म्हणजे साफच गेलं. माझे खांदे वर गेले. विंगेतून काही आलं नाही. मी हळूच मान वळवली. विजेरी पेटलेली होती, वही उघडी होती, ताईचं बोट ओळीवर होतं. ती माझ्याकडेच पाहत होती, तोंड मिटून. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मी माझ्याच मनाचं काहीतरी बोललो आणि प्रवेश पुढे सरकला. लोकांना वाटलं, म्हातारा काय थांबतो! टाळ्या पडल्या.

रंगपटात मी विचारलं, "पान चुकलं का गं?"

"नाही. वाक्य बोटाखालीच होतं."

तिने वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि कपड्यांच्या पेटीवर बसून ही सगळी हकिगत सांगितली. आवाज सपाट. नाटकाच्या वहीत कंसात सूचना असतात, 'उजवीकडून येतो, बसतो', त्या वाचाव्यात तसा. रडली नाही. मी तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला, तो तिने घेतला आणि पाणी न पिता हातात धरून बसली.

"यादीच्या मागच्या पानावर एक नंबर होता, दादा. घरात, शेजारी, कुठेही अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर कळवा, अंगभर संरक्षक पोशाख घातलेला माणूस पाठवू, असा. मी त्या दिवशी गप्प बसले असते, तर त्याने सांगितलं असतं. सांगणारच होता तो. मीच बोलले."

नंतर ती घड्याळजीच्या दुकानात गेली होती. यजमानांचं घड्याळ नेलं होतं, चांगलं चालणारं. त्याने विचारलं, काय झालंय? हिला शब्द फुटेना. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "मागे पडतंय का?"

"हो," ही म्हणाली, "मागे पडतंय."

त्याने चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी तिने पाकिटातून काढून माझ्या हातात ठेवली. "तुम्ही आणाल का? माझ्याने नाही होणार."

मी गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. भिंतींवर घड्याळंच घड्याळं. चाळिशी ओलांडलेला माणूस, एका डोळ्याला भिंग. चिठ्ठी पाहून त्याने खणातून घड्याळ काढलं.

"यात काहीच बिघाड नव्हता," तो म्हणाला. "नुसतं पुसलंय." मग भिंग काढून त्याने माझ्याकडे पाहिलं. "ज्या बाई आल्या होत्या, त्या फोनवर असायच्या ना? दोनच शब्द बोलल्या, पण ओळखलं मी."

मी मान हलवली. तो घड्याळाकडे पाहत गप्प राहिला. मी जन्मभराचा नट. क्षमेवरची, दुःखावरची चांगली दहा-वीस भाषणं माझ्या जिभेवर तयार असतात, त्यातलं एखादं चालूनही गेलं असतं. पण तो अडकला नव्हता. थांबला होता. एवढं मलाही तिच्याकडून शिकता आलंय. मी उभा राहिलो. चारी बाजूंनी टिकटिक चालू होती.

"त्यांना एक सांगाल?" तो म्हणाला. "मी खोटं बोललो नव्हतो. अंघोळच चालायची. बाबांना घालत होतो."

हे मी ताईला जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द पदरचा न घालता. तिने घड्याळ कानाला लावलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.