उकिरड्याचा अर्थ

आमच्या समोरचे निवृत्त गुरुजी सध्या बायबलची जुनी हिब्रू भाषा शिकताहेत. कचरागाडी आली की ओट्यावरून सांगणारच, "अश्पोत म्हणजे उकिरडा! तिथल्या गरिबाला देव उचलतो आणि मानाच्या जागी बसवतो. समझे?" आणि दोन बोटांत धरून केळीची सालं गाडीत टाकतात.

परवा बुऱ्हाणपूरच्या उन्हात गाडीवरच्या मावशींना चक्कर आली. त्या गुरुजींच्या ओट्यावरच्या खुर्चीत टेकल्या.

"अहो मावशी, ती पाहुण्यांची खुर्ची आहे," गुरुजी गडबडले.

"मंग मानाची कोनती, गुरुजी? तिथं बसते."

गुरुजी पुस्तकात शोधू लागले. मला फार हसू आलं. हसत हसतच मी आमच्या ओट्यावरची खुर्ची आत नेली.